मुलीला फुटबॉलपटू व्हायचंय: पहिल्या क्लबपासून पहिल्या करारापर्यंत

५ जुलै २०२५ला चियांग माईमध्ये संगीता बासफोरनं थायलंडविरुद्ध दोन गोल केले आणि भारताच्या महिला संघानं पहिल्यांदाच पात्रता फेरी जिंकून आशिया चषक गाठला. तेव्हापासून ग्राऊंडवर येणाऱ्या आईवडिलांचे प्रश्न बदललेत. आधी विचारायचे, "उन्हात किती वेळ? अभ्यासाचं काय?" आता विचारतात, "यात करिअर होतं का? आम्ही नेमकं काय करायचं?"

महाराष्ट्रातली दहा ते अठरा वयाची मुलगी आणि तिच्या घरची माणसं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिते आहे. मुलीला मी "तू" म्हणेन, घरच्यांना "तुम्ही".

आधी व्यावसायिक खेळाडू कोण ते पाहू. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, नियमानुसार जिचा क्लबशी लेखी करार आहे आणि जिला खेळण्यासाठी येणाऱ्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात ती व्यावसायिक. बाकी सगळ्या हौशी. जर्सीवर नाव छापलं, गाडीभाडं आणि जेवण मिळालं, यूट्यूबवर सामना दिसला, एवढ्यानं कोणी व्यावसायिक होत नाही.

या वाटेवर सल्ले देणारे खूप भेटतील. मी मुलींना प्रत्येक निर्णयाआधी एकच प्रश्न विचारायला सांगते: यामुळे येत्या वर्षात मला किती खरे सामने खेळायला मिळतील? आपल्याकडे मुलींच्या वाट्याला सगळ्यात कमी काय येत असेल, तर सामने. इंडियन विमेन्स लीग ही देशातली सर्वोच्च लीग. २०२४-२५ मध्ये तिच्यात ८ संघ होते, म्हणजे प्रत्येक संघाला लीगचे १४ सामने. इंग्लंडच्या विमेन्स सुपर लीगमध्ये त्याच मोसमात १२ संघ होते आणि प्रत्येकाला २२ सामने. चषक स्पर्धा वेगळ्या. वरच्या पातळीवर ही स्थिती असेल, तर तालुक्याच्या गावातल्या चौदा वर्षांच्या मुलीला वर्षभरात काय मिळत असेल? म्हणून सामने शोधणं, मिळवणं आणि त्यांची नोंद ठेवणं हे तुझ्या तयारीतलं पहिलं काम.

पायरी १: शाळेतून सुरुवात कर, शाळेवर थांबू नकोस

दरवर्षी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत शालेय स्पर्धा होतात. मुलींचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. जिल्हा जिंकला की विभाग, मग राज्य. राज्यात क्रीडा खात्याचे आठ विभाग आहेत. सुब्रतो मुखर्जी चषकाची, म्हणजे शाळांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेची, वाटही शाळेतूनच जाते. ही स्पर्धा १९६० पासून चालू आहे, पण मुलींचा १७ वर्षांखालील गट २०१२ मध्ये आला. शाळा उघडली की जूनमध्येच क्रीडाशिक्षकांना भेट आणि विचार: यंदा मुलींचा संघ नोंदवणार का? बऱ्याच शाळांमध्ये कोणी विचारत नाही म्हणून संघ नोंदवलाच जात नाही. अकरा मुली जमत नसतील, तर खो-खो, कबड्डी आणि धावण्यातल्या मैत्रिणींना घेऊन ये. खो-खो खेळलेली मुलगी अचानक वळते, हूल देते, वाकून वेग घेते. तिला चेंडूची ओळख करून दिली की ती लवकर तयार होते.

शालेय स्पर्धेची अडचण अशी की ती बाद पद्धतीची आहे. पहिल्याच दिवशी हरलात तर वर्ष संपलं. म्हणून क्लब हवा, आणि लीग खेळणारा हवा.

मुलींचा संघ जवळपास नसेल तर मुलांबरोबर खेळ. घरच्यांनो, लहान वयात यात काहीही वावगं नाही, उलट फायदा आहे: चेंडू पटकन सोडायची आणि अंग मध्ये घालून तो राखायची सवय लागते. मणिपूरच्या बाला देवी गावातल्या मुलांबरोबर खेळत मोठ्या झाल्या आणि पुढे स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबपर्यंत पोहोचल्या.

आठव्या-दहाव्या वर्षी सुरुवात झाली तर उत्तम. तेराव्या वर्षी झाली तरी दार बंद होत नाही, फक्त चेंडूबरोबर एकटीनं घालवायचा वेळ वाढवावा लागतो. रोज भिंतीवर दोन्ही पायांनी पास मार. डावा पाय कच्चा असेल तर पहिली दहा मिनिटं फक्त डाव्यानं. ट्रायलला निवडणारी माणसं पहिल्या काही मिनिटांत तुझा फर्स्ट टच, म्हणजे आलेला चेंडू पहिल्या स्पर्शात कसा ताब्यात घेतेस ते, आणि तू चेंडू येण्याआधी मान वळवून पाहतेस का, हे बघतात. दोन्ही गोष्टी अंगणात शिकता येतात.

पायरी २: कागद

हे काम घरच्यांचं आहे आणि ते मुलगी दहा वर्षांची असतानाच करून टाका.

जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला आणि पासपोर्ट या चारही ठिकाणी नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर सारखी हवी. एकीकडे नुसतं नाव, दुसरीकडे मधलं नाव, तिसरीकडे आडनाव आधी, असं असेल तर राज्य संघाच्या निवडीच्या आठवड्यात धावपळ करून ते दुरुस्त होत नाही. पासपोर्ट आधीच काढून ठेवा. वयोगटातल्या भारतीय संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं तर तो लागतोच.

दुसरा कागद म्हणजे नोंदणी. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची खेळाडू नोंदणीची एक संगणकीय व्यवस्था आहे, सगळे तिला सीआरएस म्हणतात. क्लब तुझी नोंदणी करतो आणि तुला एक क्रमांक मिळतो. हा क्रमांक स्वतःकडे लिहून ठेव. कुठल्या क्लबच्या नावावर, कोणत्या तारखेपर्यंत नोंदणी आहे हे तुला तोंडपाठ असलं पाहिजे. एका क्लबकडे नोंदलेली खेळाडू मनाला येईल तेव्हा दुसऱ्याकडून खेळू शकत नाही. काही मुलींना हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो: नवा क्लब बोलावतोय, जुना सोडत नाही आणि एनओसीच्या, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्राच्या, खेपा घालता घालता मोसम निघून जातो. त्यामुळे क्लबमध्ये नाव घालण्याआधीच विचारा, "पुढच्या वर्षी जायचं झालं तर एनओसी कशी मिळते?" उत्तर लेखी मिळालं तर फारच चांगलं.

वय कमी दाखवायचा सल्ला देणारेही भेटतील. ऐकू नका. वयोगटांच्या स्पर्धांत मनगटाच्या हाडांवरून वय तपासतात. त्यात नापास झालं की त्या गटातून बाहेर, आणि शंका कायमची मागे लागते. शिवाय लहान मुलींविरुद्ध खेळून मिळालेला सामना तुला काही शिकवत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे सामन्यांची वही. तारीख, स्पर्धा, प्रतिस्पर्धी, किती मिनिटं खेळलीस, कुठल्या जागेवर, काय जमलं, काय नाही. प्रत्येक प्रमाणपत्राचा फोटो काढून ठेव आणि मूळ प्रत प्लास्टिकच्या फाईलमध्ये ठेव. पुढे नोकरीच्या वेळी क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी होते, तेव्हा दहा वर्षांपूर्वीचा कागद शोधावा लागतो.

पायरी ३: क्लब निवडणं

महाराष्ट्रातल्या फुटबॉलचा कारभार वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन बघते, म्हणजे विफा. तिचं कार्यालय मुंबईत कूपरेजला आहे. तिच्याखाली मुंबई, पुणे, नागपूर वगैरे जिल्ह्यांच्या संघटना आहेत. कोल्हापुरात कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन. तुझ्या जिल्ह्याच्या संघटनेकडे जाऊन विचार की मुलींची किंवा महिलांची लीग आहे का, तिच्यात कोणते क्लब आहेत. अकादमीची जाहिरात बघून जाण्यापेक्षा या यादीतून क्लब शोधणं केव्हाही बरं. खेलो इंडियाच्या अस्मिता लीगमुळे लहान मुलींसाठीही सामने वाढलेत, त्यांचीही चौकशी कर.

कोल्हापूरबद्दल मला मनापासून वाटतं ते सांगते. इथले फुटबॉल संघ पेठांमधल्या तालमी आणि मंडळांचे. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असला की शाहू स्टेडियम भरून जातं. तालमींच्या पोरांच्या मागे अख्खी पेठ उभी राहते. या गावाला फुटबॉल शिकवावा लागत नाही. इंडियन विमेन्स लीगच्या सुरुवातीच्या मोसमांत कोल्हापूर सिटीचा महिला संघही खेळून गेला. तरी मुलींसाठी तसा भरगच्च मोसम आणि तसे प्रेक्षक अजून उभे राहिलेले नाहीत. ज्या पेठेत चार पिढ्या तालमीचा झेंडा घेऊन फिरल्या, तिथल्या मुलीला सामन्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागू नये.

क्लब बघायला जाल तेव्हा हे विचारा. गेल्या वर्षी या वयाच्या मुली किती सामने खेळल्या? प्रशिक्षकाकडे कोणतं लायसन्स आहे? मुलींच्या संघाबरोबर बाई प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक कायम असते का? कपडे बदलायला बंद खोली आणि वापरण्यासारखं स्वच्छतागृह आहे का? दुखापत झाली तर पहिला फोन कोणाला जातो? फी किती हा प्रश्न शेवटी. महागड्या टर्फवर आठवड्याला तीन सराव आणि वर्षाला चार सामने देणाऱ्या जागेपेक्षा, मातीच्या ग्राऊंडवर वर्षभर लीग खेळणारा क्लब निवडा.

सुरक्षिततेबद्दल थोडं थांबून बोलायलाच हवं. २०२२ मध्ये १७ वर्षांखालील भारतीय मुलींच्या संघाच्या सहप्रशिक्षकाला परदेश दौऱ्यात गैरवर्तनाच्या आरोपावरून हटवलं गेलं. राष्ट्रीय संघात हे घडू शकतं, तर कुठेही घडू शकतं. घरी काही नियम ठरवा. प्रशिक्षकानं मुलीला एकटीला रात्री मेसेज करायचे नाहीत. जे सांगायचं ते पालक असलेल्या गटात. बाहेरगावच्या स्पर्धेत खोली फक्त संघातल्या मुलींबरोबर. फिजिओनं हात लावायचा तर दार उघडं आणि दुसरी मुलगी किंवा बाई समोर. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा क्रीडा संस्था, स्टेडियम आणि स्पर्धेच्या जागांनाही लागू आहे. अठराखालच्या मुलीसाठी पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा आहे, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक तिला पाठ हवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलगी काही सांगायला लागली तर पहिलं वाक्य "तू तिथे गेलीसच का" हे नको. ते वाक्य एकदा ऐकलेली मुलगी पुन्हा कधी बोलत नाही.

पायरी ४: शरीर

मुलींच्या खेळात गुडघ्याचा प्रश्न मोठा आहे. गुडघ्याच्या आतला एसीएल नावाचा अस्थिबंध मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा फाटतो, आणि बहुतेकदा कोणाचा धक्का न लागता: उडी मारून उतरताना, धावता धावता अचानक वळताना. जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरलेली स्पेनची अलेक्सिया पुतेयास २०२२ च्या युरो स्पर्धेच्या तोंडावर याच दुखापतीनं बाहेर गेली. इंग्लंडची कर्णधार लिया विल्यमसन २०२३ च्या विश्वचषकाला मुकली.

यावर खर्च नसलेला उपाय आहे. फिफाचा "इलेव्हन प्लस" नावाचा वॉर्म-अप: १५ व्यायाम, सुमारे २० मिनिटं. आधी हळू धावणं, मग पोट-मांड्यांची ताकद, एका पायावर तोल, उडी मारून गुडघे आत न झुकवता उतरणं आणि शेवटी वेगानं धावणं. आठवड्यातून निदान दोनदा, नेमानं केला तर दुखापती स्पष्टपणे कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. क्लबमध्ये करून घेत नसतील तर वीस मिनिटं आधी ग्राऊंडवर ये आणि मैत्रिणींना घेऊन स्वतः कर. मैदानाला दोन फेऱ्या मारल्या आणि पाय ताणले म्हणजे वॉर्म-अप होत नाही.

आणि एसीएल फाटलाच, तर शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने सामना नाही. त्याआधी उतरलं तर तो पुन्हा फाटण्याचा धोका फार वाढतो. सहाव्या महिन्यात पाय बरा वाटतो, स्पर्धा समोर असते आणि "पंधराच मिनिटं खेळ" असं सांगणारं कोणीतरी असतं. तिथे नाही म्हणायचं काम आईवडिलांनी करा, मुलीवर टाकू नका.

बूट घेताना ग्राऊंड बघा. टर्फवर लांब स्टडचे (तळाला उंच खुंट्या असलेले) बूट घातले की पाय अडकतो आणि वळताना सगळा ताण गुडघ्यावर येतो. तिथे आखूड, जास्त संख्येनं असलेले स्टड चांगले. "पुढच्या वर्षी चालतील" म्हणून एक नंबर मोठे बूट घेऊ नका. शिनगार्डशिवाय सरावही नको. आणि चांगली स्पोर्ट्स ब्रा हा चैनीचा खर्च नाही, बुटाइतकीच ती गरजेची आहे. कित्येक मुली फक्त या अवघडलेपणामुळे बाराव्या-तेराव्या वर्षी खेळणं सोडतात.

आता रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तू दुसऱ्या हाफमध्ये थकतेस, प्रशिक्षक म्हणतो स्टॅमिना नाही, आणि खरं कारण लोह कमी असणं हे असू शकतं. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन आणि त्याच्याबरोबर फेरिटिन तपासून घे. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो. हळिवाचे लाडू, बाजरी, चवळी, पालेभाजी, अंडी, परवडत असेल तर मटण आणि कलेजी, वर लिंबू पिळून. जेवणाला लागून चहा नको, तो लोह अंगी लागू देत नाही. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तरच.

पाळीच्या तारखा त्याच वहीत लिही. त्या दिवसांत खेळायचं की नाही हे तुझं शरीर ठरवेल. खेळायला मनाई काहीच नाही. मात्र पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टरकडे जा. "खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं" हे खरं नाही. बहुतेकदा त्याचा अर्थ असा की तू जेवढं पळतेस तेवढं खात नाहीस, आणि त्याची किंमत हाडं मोजतात.

जिममधल्या पावडरी आणि कोणीतरी दिलेल्या ताकदीच्या गोळ्या यांपासून लांब राहा. उत्तेजक द्रव्य शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. माहीत नव्हतं हे उत्तर चालत नाही. साधं सर्दीचं औषध घेतानाही डॉक्टरांना सांग की तू स्पर्धात्मक खेळाडू आहेस. औषध चालेल की नाही हे नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) "नो युअर मेडिसिन" ॲपवर तपासता येतं.

पायरी ५: ट्रायल आणि राज्य संघ

जिल्हा संघ, राज्याचा सबज्युनियर आणि ज्युनियर संघ, मग वरिष्ठ संघ, अशी चढण आहे. वरिष्ठ महिलांची राष्ट्रीय स्पर्धा राजमाता जिजाबाई करंडकासाठी खेळली जाते. तिथे महाराष्ट्राची जर्सी घालून उतरणं ही लहान गोष्ट नाही, कारण समोर मणिपूर, तामिळनाडू, ओडिशासारखे संघ असतात आणि क्लबची माणसं बघायला आलेली असतात. क्लबच्या बाजूनं वाट अशी: जिल्ह्याची लीग, राज्याची लीग, मग विमेन्स लीगचा दुसरा विभाग, जो २०२३-२४ पासून सुरू झाला, आणि वर मुख्य लीग.

ट्रायलला तुझी नेहमीची जागा सांग. सगळीकडे खेळते असं सांगणारी मुलगी कोणाच्या लक्षात राहत नाही. पहिला पास साधा आणि अचूक दे. चेंडू गेला की लगेच मागे लाग. गोल करणाऱ्या बऱ्याच असतात, चेंडू परत मिळवणारी डोळ्यांत भरते. मैत्रिणीला चेंडू मिळताना बोल: "मागे" (कोणीतरी मागून येतंय), "एकटी" (जवळ कोणी नाही), "वळ". गप्प खेळणाऱ्या चांगल्या मुली दरवर्षी मागे राहतात. गोलकीपर असशील तर तुझी गरज प्रत्येक संघाला आहे, आणि पायानं खेळणारी गोलकीपर आपल्याकडे अजून थोडी मिळते.

व्हिडिओ हवाच. मोबाईल उंचावर ठेवून पूर्ण सामना काढा, नुसत्या गोलांची चित्रफीत नको. चेंडू नसताना तू कुठे उभी असतेस, हे चांगला प्रशिक्षक आधी बघतो.

निवड झाली नाही तर त्याच आठवड्यात पुढचा सामना शोध. आणि निवड झाली पण राखीव म्हणून, तेव्हा तो मूळ प्रश्न पुन्हा विचार: मोठ्या संघाच्या बेंचवर तीन महिने की लहान संघात पूर्ण नव्वद मिनिटं? सतरा-अठराव्या वर्षी मी जवळजवळ नेहमी दुसरंच सुचवते.

पायरी ६: पहिला करार

हाती करार आला की सगळ्यांचं भान हरपतं. फोटो काढला जातो, सही होते आणि कागद कोणी वाचत नाही. सहीआधी दोन दिवस मागून घ्या आणि वकिलाला दाखवा. त्यात हे बघा:

- करार किती महिन्यांचा? फिफाच्या नियमानुसार तो निदान मोसम संपेपर्यंत असावा आणि पाच वर्षांहून लांब नसावा. अठराखालच्या खेळाडूला तीन वर्षांहून लांब बांधता येत नाही. अशा मुलीच्या करारावर पालकांची सही हवीच.
- पगार महिन्याला किती, कोणत्या तारखेला, बँकेतून की रोख? रोख नको.
- राहणं, जेवण, प्रवास पगारात धरलाय की वेगळा?
- दुखापत झाली तर शस्त्रक्रियेचा आणि नंतरच्या फिजिओथेरपीचा खर्च कोण करणार, आणि त्या काळात पगार चालू राहणार का? विम्याची पॉलिसी मागून घ्या.
- क्लबनं करार मध्येच संपवला तर काय, तुला संपवायचा असेल तर काय?
- परीक्षेच्या दिवसांची सुटी.

पहिला मुद्दा सगळ्यात जड आहे. सुरुवातीच्या मोसमांत विमेन्स लीग एकाच शहरात काही आठवड्यांत उरकली जायची. २०२१-२२ मध्ये भुवनेश्वर, २०२२-२३ मध्ये अहमदाबाद. करारही तेवढ्यापुरतेच होत. घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवरची लीग २०२३-२४ मध्ये आली. महासंघानं २०२३ मध्ये जाहीर केलं की लीगमधल्या प्रत्येक क्लबनं किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत. महिन्याला साधारण २६-२७ हजार. घर चालेल, पण पाच महिन्यांचा करार असेल तर उरलेल्या सात महिन्यांचं गणित सहीआधीच मांडायला हवं. महिन्याचा आकडा ऐकून खूश होऊ नका, वर्षाचा विचारा.

दोन महिन्यांचा पगार थकला तर क्लबला लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत द्यायची; तरीही दिला नाही तर खेळाडू योग्य कारणानं करार सोडू शकते, असा फिफाचा नियम आहे. महासंघाकडे अशा तक्रारींसाठी समिती आहे. पण त्यासाठी पगार करारात लिहिलेला असायला हवा. तोंडी वचनावर तक्रार उभी राहत नाही. सही झालेली एक प्रत त्याच दिवशी घरी आणा.

आई झालेल्या खेळाडूचे हक्कही जाणून ठेव. २०२१ पासून फिफानं किमान १४ आठवड्यांची प्रसूती रजा ठरवली आहे, त्यातले ८ आठवडे बाळंतपणानंतर, करारातल्या पगाराच्या किमान दोन तृतीयांश रकमेवर. गरोदर राहिली म्हणून क्लब करार तोडू शकत नाही.

एजंटकडे फिफाचं लायसन्स हवं आणि ते फिफाच्या संकेतस्थळावर तपासता येतं. अठराखालच्या मुलीशी एजंट पालकांच्या लेखी संमतीशिवाय बोलणीच करू शकत नाही. इन्स्टाग्रामवर थेट मुलीला मेसेज करणारा एजंट तिथेच नापास झाला.

पायरी ७: शिक्षण आणि नोकरी, खेळ चालू असतानाच

घरच्यांना याची काळजी असते आणि ती रास्त आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. स्पर्धेची पातळी आणि अर्जाची मुदत शाळेत वेळेवर विचारा. हजेरीचं जमत नसेल तर राज्य मंडळाचा, बाहेरून परीक्षेला बसण्यासाठीचा सतरा नंबरचा फॉर्म आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. कॉलेज निवडताना विद्यापीठाचा महिला फुटबॉल संघ आहे का ते बघ, कारण आंतरविद्यापीठ स्पर्धा म्हणजे आणखी सामने.

राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. कोणत्या स्पर्धेतली कामगिरी धरली जाते याच्या अटी काटेकोर आहेत. त्या वाचून स्पर्धा निवडणं शहाणपणाचं. रेल्वे, पोलीस दलं आणि सशस्त्र सीमा बल खेळाडूंना घेतात. २०१६ मध्ये रेल्वेच्या मुलींनी मणिपूरला हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. बाला देवी मणिपूर पोलिसांत नोकरीला असतानाच परदेशी क्लबपर्यंत गेल्या. नोकरी घेताना मात्र विचार: क्लबकडून खेळायला खातं परवानगी देतं का, वर्षातून किती काळ?

पायरी ८: परदेश

जानेवारी २०२०मध्ये बाला देवींनी रेंजर्सशी करार केला तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या. मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोनकडे गेली आणि युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय झाली. त्याच वर्षी सौम्या गुगुलोथ आणि ज्योती चौहान क्रोएशियात दिनामो झाग्रेबकडे गेल्या. अदिती चौहाननं वेगळी वाट धरली: लफबरो विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकायला गेली आणि २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघाची गोलकीपर झाली. इंग्रजी आणि पदवी या दोन गोष्टींनी तिला ते दार उघडलं. घरची ऐपत किंवा शिष्यवृत्ती असेल तर ही वाट मला सगळ्यात भक्कम वाटते.

अठरा पूर्ण होण्याआधी आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरला, थोडे अपवाद सोडले तर, फिफाची मनाई आहे. तेव्हा सोळा वर्षांच्या मुलीला "युरोपमध्ये करार मिळवून देतो" म्हणणारा माणूस खोटं बोलतोय. ट्रायलसाठी लाखभर रुपये आधी मागणाराही तसाच. क्लबच्या अधिकृत ईमेलवर स्वतः विचारून खात्री करा, आणि व्हिसा कसला काढतायत ते बघा. पर्यटक व्हिसावर करार होत नाही.

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलींचे पालक विचारतात की भारताकडून खेळता येईल का. भारतीय पासपोर्ट असेल तरच. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड, चालत नाही.

पायरी ९: खेळता खेळता दुसरं कौशल्य

अठरा पूर्ण झाली की प्रशिक्षकाच्या लायसन्सचा सगळ्यात खालचा टप्पा करून टाक. आधी ई प्रमाणपत्र, मग डी, पुढे आशियाई महासंघाचे सी, बी, ए. मोसम नसतानाच्या महिन्यांत शाळेत किंवा क्लबमध्ये लहान मुलींना शिकवून थोडे पैसे येतात, आणि शिकवताना स्वतःचा खेळ नव्यानं कळतो. गोव्याच्या मेमोल रॉकी भारताकडून खेळल्या आणि २०१७ मध्ये त्याच वरिष्ठ संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. गोव्याच्याच उवेना फर्नांडिस यांनी पंचगिरी निवडली आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांत सहायक पंच म्हणून काम केलं. पंचांची परीक्षा जिल्हा संघटनेकडून होते. पास झालीस की स्थानिक सामन्यांचं मानधन मिळतं.

या कोर्सच्या तारखा विफा आणि जिल्हा संघटना थोडेच दिवस आधी जाहीर करतात आणि जागा लवकर भरतात. संघटनेच्या कार्यालयात नाव आणि फोन नंबर आधीच देऊन ठेव.